मुंबई सपाट आहे म्हणे!

‘मुंबईत गियरची सायकल घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.’ अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणीही सायकल घ्यायला निघालं, की हे वाक्य त्याच्या कानावर पडतंच. सांगणारा बहुधा वयाने मोठा असतो, उमेदीच्या काळात त्याने खरोखर सायकल मारलेली असते आणि त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याचा युक्तिवाद असा: घाट पुण्याच्या वाटेवर, नाशिकच्या वाटेवर. मुंबई समुद्राला लागून, परातीसारखी सपाट. इथे डबेवाला एकाच गियरवर चाळीस-चाळीस डबे ओढतो, पाववाला पहाटे दोन पिशव्या लटकवून सगळी कॉलनी फिरतो. आणि तुम्ही पाठीला लॅपटॉप लावून जाणारे, तुम्हाला म्हणे गियर हवेत!

या मंडळींना मी सपाटवादी म्हणतो. त्यांच्या समोरच्या फुटपाथवर उभे असतात ते एकवीसवाले. त्यांच्या मते गियर जितके जास्त तितकी सायकल चांगली. एकवीस असतील तर सोन्याहून पिवळं आणि चोवीस मिळाले तर मग बघायलाच नको. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण दोघेही एकच प्रश्न टाळतात. ही सायकल नेमकी कुठून कुठे जाणार आहे? त्या वाटेवर सगळ्यात वाईट दोनशे मीटर कोणते? गियर ठरतो तो त्या दोनशे मीटरवर. बाकीचे दहा किलोमीटर कुठल्याही गियरवर निघतात.

आधी सपाटवाद्यांचं बघू. उपनगरात उत्तर-दक्षिण जाणारा माणूस बराचसा सपाटीवरून जातो, हे कबूल. स्वामी विवेकानंद मार्ग, लिंक रोड, पूर्वेकडे लालबहादूर शास्त्री मार्ग यांवर फार चढ नाहीत. पण पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की रेल्वे आडवी येते, आणि रेल्वे ओलांडायचे दोनच मार्ग आहेत: पुलावरून चढून किंवा सबवेतून खाली जाऊन. सबवेतून खाली गेलेल्याला वर यावंच लागतं, आणि जुलैत तिथे गुडघाभर पाणी असतं ते वेगळंच. पूल म्हणाल, तर रुळांवर पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आहेत. त्यांच्यासाठी सहा-साडेसहा मीटर मोकळी जागा सोडावी लागते, त्यावर पुलाच्या तुळयांची जाडी. म्हणजे सायकलवाला रुळांपासून आठ-नऊ मीटर वर जातो. तीन मजली इमारतीची उंची झाली ही. तिसावर एक असा चढ ठेवायचा, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, तर नुसत्या चढाला अडीचशे मीटरच्या आसपास लांबी लागते. घाटकोपरला किंवा मालाडला एवढी मोकळी जागा कोण देणार? जागा नसली की चढ उभा होतो.

कुणाला हे कागदी वाटत असेल तर त्याने अंधेरीचा गोखले पूल आठवावा. जुना पूल नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला, पाडला गेला, आणि नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. तेव्हा लक्षात आलं की नवा पूल शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा दीड-दोन मीटर उंच झाला आहे आणि दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. त्यावर महिनोन् महिने विनोद झाले, मग बर्फीवाला पुलाचं टोक उचलून जोड द्यावी लागली. विनोद करणाऱ्यांत सपाटवादीही होतेच. रेल्वेच्या नियमाने पूल उंच होतो हे त्यांनी तेव्हा ऐकलं, हसले आणि सायकलच्या दुकानात शिरताना विसरले.

आता कुणी म्हणेल, तीन टक्क्यांचा चढ म्हणजे काय चढ आहे का? मग रेल्वेलाच विचारा. बोरघाटात आणि कसाऱ्याच्या थळघाटात रुळांचा चढ सदतीसावर एक आहे, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. तेवढ्यासाठी कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, आणि हा रिवाज जुना आहे. हजारो अश्वशक्तीचं इंजिन ज्या चढाला मदत मागतं, तो तुमच्या मांड्यांनी एकाच गियरवर हसतखेळत चढावा अशी अपेक्षा करणारे कोण लागून गेले?

आणि चढ मोजायला जमीनच लागते असं नाही. वाराही चढच. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून वारा सुटतो, तेव्हा सकाळी अंधेरीहून बोरिवलीला जाताना सायकल आपोआप पळते आणि संध्याकाळी परतताना तीच सायकल चिखलातून ओढल्यासारखी वाटते. रस्ता तोच, सपाट तो सपाटच. एक हिशेब मांडतो, कुणीही पडताळून बघावा. सत्तर किलोचा माणूस, चौदा किलोची सायकल, चार किलोची बॅग, ताठ बसून चालवणं, आणि पायांतून सलग साधारण ११५-१२० वॅट. घाम येईल पण धाप लागणार नाही एवढी ही ताकद. वारा नसेल तर सपाटीवर हा माणूस ताशी २२ किलोमीटरने जातो. समोरून ताशी १५चा वारा आला की वेग १५वर येतो. तोच वारा पाठीवर घेतला तर तीस-बत्तीस. आणि पाच टक्क्यांच्या चढावर आठ-नऊ. माणूस एक, ताकद एक, वेग मात्र आठपासून बत्तीसपर्यंत.

आता या माणसाला जुन्या धाटणीची काळी सायकल द्या. तिचं पुढचं चेनव्हील बहुधा ४४ दात्यांचं असतं आणि मागचं फ्रीव्हील १८चं. भागाकार २.४४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीवर २२च्या वेगाला पायडलचे मिनिटाला ६८ फेरे होतात. उत्तम! हीच ती सपाटवाद्यांच्या आठवणीतली सायकल, हाच तो सुखाचा काळ. समोरून वारा आला की फेरे ४६वर उतरतात. पाठीवर वारा आला की शंभराच्या आसपास जातात आणि पाय नुसते भिरभिरतात. पाच टक्क्यांच्या चढावर फेरे उरतात २६. मिनिटाला २६ फेरे म्हणजे सायकल चालवणं राहत नाही, ती जिना चढल्यासारखी चढवावी लागते. त्या एकेका फेऱ्यात पायडलवर चाळीस-पन्नास किलोचा दाब पडतो, आणि हलका गियर असता तर तेच काम पंधरा-वीस किलोत झालं असतं. डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेलेले सायकलवाले ‘वय झालं’ म्हणून परत येतात. वय होतंच, पण गियरचाही वाटा असतो.

गुडघ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे सरळ रेषेची. जड गियरवर उड्डाणपूल चढणाऱ्या माणसाकडे मागून नीट बघा. प्रत्येक पायडलला त्याचं अख्खं अंग एका बाजूला झुकतं, हँडल दुसऱ्या बाजूला खेचलं जातं, आणि पुढचं चाक वीतभर इकडे, वीतभर तिकडे असं नागमोडी चालतं. वेग इतका कमी की तोल राखायलाच हँडल हलवावं लागतं. मागे बेस्टची बस, तिच्यामागे रिक्षा, आणि डावीकडे कठडा. या माणसाला दोन गियर खाली टाकता आले असते तर तो साठ-सत्तरच्या फेऱ्यांनी, खांदे न हलवता, कठड्यालगत सरळ वर गेला असता. हेल्मेटवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं आणि ते योग्यच आहे. पण पुलावर सायकल सरळ चालणं ही सुरक्षेची पहिली गोष्ट आहे, आणि ती हलक्या गियरने येते.

‘मग डबेवाल्यांचं काय?’ हा सपाटवाद्यांचा हुकमी एक्का. तो एकदा नीट उलटा करून बघायलाच हवा, कारण डबेवाल्यांचं नाव घेतलं की लोक भारावतात आणि विचार थांबतो.

डबेवाल्यांची परंपरा १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सांगितली जाते. या व्यवसायातले बहुसंख्य लोक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या भागांतले. चढ म्हणजे काय हे त्यांना शिकवायला नको. डोंगर त्यांच्या घरामागेच आहे. त्यांची कामाची रचना बघा. डबा घरून सायकलवर किंवा पायी स्टेशनपर्यंत येतो. मग लोकलच्या सामानाच्या डब्यातून लांबचा प्रवास. उतरल्यावर पुन्हा सायकल किंवा हातगाडी, आणि तीही बहुतेक वेळा स्टेशनच्या त्याच बाजूला. म्हणजे बोरिवली ते चर्चगेट हे अंतर डबेवाल्याची सायकल कापतच नाही. ती कापते स्टेशनपासूनचे दोन-तीन किलोमीटर, सपाटीवर, गर्दीत, सावकाश, दर दोनशे मीटरला थांबत. आणि पूल आलाच तर डबेवाला काय करतो? उतरतो आणि ढकलतो. यात त्याला कमीपणा वाटत नाही. वेळ मोजूनच त्याने तो निर्णय घेतलेला असतो.

अशा कामाला एक गियर, चाकांना जाड तारा, भक्कम कॅरियर आणि कुठल्याही गल्लीत दुरुस्त होणारं फ्रीव्हील हीच निवड बरोबर आहे. पण डबेवाला गियरशिवाय चालवतो हे म्हणणं चूक. त्याने गियर निवडलेला आहे. त्याच्या कामाला शोभेल असा एकच निवडलेला आहे. तुम्ही त्याच्यासारखे स्टेशनपर्यंतच जात असाल, आयसी कॉलनीतून बोरिवली स्टेशन किंवा मुलुंड पूर्वेला घरातून स्टेशन, तर तुम्हीही एकच गियर घ्या, माझी काही हरकत नाही. उलट स्टेशनबाहेर दिवसभर उभ्या राहणाऱ्या सायकलवर जितके कमी सुटे भाग तितकं बरं. संध्याकाळी परत आल्यावर त्यातले किती शिल्लक असतील याचा भरवसा नसतो. पण डबेवाल्याचा दाखला देऊन मुलुंडहून पवईला ऑफिसला जाणाऱ्या माणसाला एका गियरवर बसवू नका. त्या माणसाला लोकलचा सामानाचा डबा मिळत नाही. त्याला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याचे चढ स्वतःच चढायचे आहेत.

सपाटवाद्यांचा शेवटचा मुद्दा मुद्दा नसतोच, तो टोमणा असतो. ‘आमच्या वेळी पायांत दम होता.’ हा टोमणा फार जुना आहे आणि फ्रान्सहून आलेला आहे. ज्या आंरी देग्राँजने १९०३मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली, त्याने त्याच्या आदल्याच वर्षी लिहून ठेवलं होतं की बदलते गियर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत, खऱ्या गड्याने स्नायूंच्या जोरावर जिंकावं. या हट्टापायी त्या शर्यतीत चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर १९३७पर्यंत नामवंत स्पर्धकांना वापरू दिला गेला नाही. मग ते गडी आल्प्सचे घाट एकाच गियरवर चढत होते का? अजिबात नाही. त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाटाच्या पायथ्याशी ते उतरत, गारठलेल्या बोटांनी नट सोडवत, चाक उलटं करून बसवत आणि मग चढत. माथ्यावर पुन्हा तेच. म्हणजे एका गियरच्या शौर्यकथेतले वीरसुद्धा दोन गियर घेऊनच निघत होते. फक्त गियर बदलताना त्यांना खाली उतरावं लागायचं. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. तो किताब घेणाऱ्याला कुणी तुझ्या सायकलला गियर होते म्हणून हिणवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इथवर वाचून एकवीसवाले खूश झाले असतील. त्यांचीही पाळी आहे.

एकवीस गियर म्हणजे पुढे तीन चेनव्हीलं आणि मागे सात चकत्या. तीन सत्ते एकवीस. गणित बरोबर आहे, पण ते दुकानदाराचं गणित आहे. एक नेहमीचा संच घेऊ: पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८. पुढे ४२ आणि मागे २८ लावलं तर भागाकार दीड. पुढे २४ आणि मागे १६ लावलं तरी दीड. दोन गियर, दोन वेगळे आकडे, काम काडीमात्र वेगळं नाही. पुढे बघा. ४२ आणि २० म्हणजे २.१, ३४ आणि १६ म्हणजे २.१२. ४२ आणि २४, ३४ आणि २०, २४ आणि १४ या तिन्ही जोड्या पावणेदोनच्या आसपास घुटमळतात. ३४-२८ आणि २४-२० यांत तर फरक शोधायला भिंग लागेल. असे जुळे-तिळे वगळले की एकवीसातून उरतात बाराएक. त्यातही पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती एकत्र लावली तर चेन इतकी तिरकी ओढली जाते की ती घासते, कुरकुरते आणि लवकर झिजते; मेकॅनिक तुम्हाला ते न करायला सांगेल. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले त्याचा अर्धा भाग एकतर नक्कल, नाहीतर वर्ज्य.

मी तीन-चेनव्हीलच्या सायकलींच्या विरोधात नाही, हे सांगून ठेवतो. वरच्याच संचात सगळ्यात हलका गियर २४-२८ चा, म्हणजे ०.८६, आणि तो राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या चढाच्या रस्त्याला छान आहे. माझा राग आहे तो एकवीस हा आकडा फ्रेमवर मोठ्या अक्षरांत छापण्यावर आणि दाते कुठेच न सांगण्यावर. गिऱ्हाईक आकडा बघून घरी येतं, मग वर्षभर मधल्या चेनव्हीलवरून हलत नाही, कारण पुढचा शिफ्टर दाबला की चेन पडते. शेवटी ते वैतागून म्हणतं, ‘गियर काही कामाचे नाहीत, काका म्हणत होते तेच खरं.’ एकवीसवाले अशा रीतीने सपाटवाद्यांना नवे शिष्य पुरवतात.

तिसरा एक प्रकार अलीकडे वाढला आहे. चाळिशी-पन्नाशीतला, खिसा बरा असलेला, एकदम रेसची सायकल घेणारा. पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८. त्याचा सगळ्यात जड गियर ५० आणि ११चा. मिनिटाला ९० फेरे मारले तर हा गियर ताशी ५० किलोमीटरच्या पुढे पळतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर सकाळी साडेनऊला ताशी ५०? मोटारींनाही नशीब लागतं. आणि त्याचा सगळ्यात हलका गियर ३४-२८चा, म्हणजे १.२१. येऊरच्या चढावर हाच माणूस पहिल्या वळणानंतर सायकलवर वेडावाकडा होतो आणि मग थांबून पाण्याची बाटली काढतो. तहान लागलेली नसते. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, टाकली असती तर भागाकार एक झाला असता, आणि बाटलीचं निमित्त लागलं नसतं. डिरेलरचा पिंजरा लांब असला की एवढं बसतं. आखूड असेल तर तोही बदलावा लागतो, आणि नवी सायकल घेतानाच हे बोलून घेतलेलं स्वस्त पडतं. पण दुकानात ‘मोठी कॅसेट द्या’ म्हणायला त्याला लाज वाटते. देग्राँज साहेब अजून जिवंत आहेत ते असे.

ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणारे या बाबतीत जास्त शहाणे. ब्रेवेत दोनशेला साडेतेरा तास मिळतात, सहाशेला चाळीस. तिथे पहिला येण्याचं बक्षीस नसतं, वेळेत पोचायचं असतं. रात्री दोन वाजता, तीनशे किलोमीटर झाल्यावर, तीन टक्के चढही भिंत वाटतो. त्या वेळच्या पायांना काय झेपेल हे बघून ज्याने गियर लावले तो पोचतो; ताज्या पायांच्या मापाने लावले तो रस्त्याकडेच्या धाब्यावर टेम्पोची वाट बघत बसतो.

तर मग कुठल्या वाटेला काय? माझ्या हिशेबाचं सार चार शब्दांत सांगता येतं: तीन टक्क्यांना दीड, पाचाला एक, आठाला पाऊण. हे भागाकार आहेत, पुढचे दाते भागिले मागचे. वरचा तो सत्तर किलोचा माणूस आणि तीच ताकद धरून, साठ ते सत्तर फेऱ्यांनी चढायचं तर एवढा हलका गियर लागतो. तुम्ही नव्वद किलोचे असाल किंवा मागच्या सीटवर मूल असेल तर आणखी हलका घ्या.

बोरिवलीहून अंधेरीला किंवा घाटकोपरहून साकीनाक्याला कामावर जाणाऱ्याला वाटेत पूल आहेत, वारा आहे, सिग्नल आहेत. घाट नाही. त्याला दीड ते पावणेतीन एवढा पल्ला पुरतो, आणि तेवढ्यासाठी तीन गियर बस्स झाले. हो, तीनच! नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२मध्ये मागच्या चाकाच्या हबच्या पोटात तीन गियर बसवले. तिच्या पुढे नावारूपाला आलेल्या हबमध्ये मधला गियर एक धरला तर हलका पाऊण आणि जड एक पूर्णांक एक तृतीयांश. पुढे ३८ आणि मागे १९ लावा: दीड, दोन आणि २.६७. अंधेरी-बोरिवलीसाठी मोजून-मापून शिवल्यासारखं. सगळी यंत्रं तेलात, बंद डब्यात. पावसाचं पाणी, चिखल, खाऱ्या हवेचा गंज यांपासून दूर. सिग्नलला उभं असतानाही गियर बदलतो, जे डिरेलरला जमत नाही. शिमानोही असे हब बनवते. मुंबईच्या पावसाळ्याला शोभणारी याहून चांगली सोय मला माहीत नाही. आणि उपनगरातल्या दुकानांत हीच सायकल सहसा दिसत नाही, कारण तीन हा आकडा एकवीसाच्या शेजारी उभा केला तर विकत कोण घेणार? या एका गोष्टीसाठी मी सपाटवादी आणि एकवीसवाले या दोघांनाही जबाबदार धरतो.

हब मिळत नाही तोवर पुढे एक चेनव्हील आणि मागे आठ चकत्या हा मार्ग बरा. पुढे ३८, मागे ११ ते ३४: भागाकार १.१२पासून ३.४५पर्यंत. तीन-सातच्या संचातले सगळ्यात हलके तीन गियर सोडले तर त्याचा बाकी सगळा पल्ला यात येतो, पुढचा शिफ्टर नाही, चेन पडण्याची कटकट कमी, आणि आठ गियरची चेन-कॅसेट उपनगरातल्या साध्या दुकानातही मिळते. बारा गियरचं हौशी सामान तुटलं की शोधत फिरावं लागतं. रविवारी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत किंवा मुलुंडहून येऊरला जायचं असेल, तर याच सायकलचं पुढचं चेनव्हील ३२चं करा. भागाकार ०.९४वर येतो, आणि सपाटीवर ताशी तीस तरीही शाबूत राहतात. कान्हेरीच्या रस्त्यावर शेवटच्या चढाला थोडा वेळ उभं राहून बघण्यासारखं असतं: एका गियरच्या सायकलींवर आलेली तरणीताठी मुलं उतरून ढकलत असतात, आणि शेजारून एखाद्या साठीतल्या बाई छोट्या चेनव्हीलवर, गप्पा मारत, त्यांना मागे टाकून जातात. दमाचा मुद्दा तिथे निकालात निघतो.

विजेच्या सायकली आल्या, आता गियरची कटकटच संपली, असंही कुणी म्हणतं. २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५पर्यंतच्या सायकलला नोंदणी लागत नाही, खरंय, आणि खाणं पोचवणाऱ्या मुलांचे पाय तिने वाचवले आहेत. पण बॅटरी संपल्यावर पंचवीसेक किलोचं ते धूड एकाच जड गियरवर पवईच्या चढाला ओढून बघा.

राहिला देखभालीचा आक्षेप. गियरच्या सायकलला निगा लागते, हा सपाटवाद्यांचा एकमेव खरा मुद्दा आहे, म्हणून त्याला खोटं ठरवायला मी जाणार नाही. पावसात भिजलेली चेन तशीच उभी ठेवली तर दोन दिवसांत तांबडी होते. पण तांबडी ती एका गियरच्या सायकलचीही होते; तिथे फक्त कुणी बघत नाही. घरी आल्यावर जुन्या बनियनने चेन पुसून चार थेंब तेल सोडायला पाच मिनिटं लागतात. पावसाळ्यात हे रोज, एरवी आठवड्यातून एकदा. चेन ताणली गेली की वेळेवर बदला, नाहीतर ती मागच्या चकत्याही खाते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. एवढी निगा करायची नसेल, तर खुशाल एका गियरची सायकल घ्या आणि पूल आला की डबेवाल्यासारखे उतरून ढकला. मात्र मग मुंबई सपाट आहे असं दुसऱ्याला सांगू नका.

दुकानात गेलात की गियर किती, हे विचारूच नका. खाली बसा. पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलचे दाते मोजा, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे मोजा, आणि फोनवर भागाकार करा. रोजच्या वाटेवर पूल असेल आणि उत्तर दीडच्या वर आलं, तर फ्रेमवर काहीही छापलेलं असो, दुकानदाराला सांगा, ही सायकल मरीन ड्राइव्हच्या गिऱ्हाइकासाठी ठेव, मला दुसरी दाखव.